सुभेदारांच्या दारातलं गवत

तीस वर्षं मी लोकांच्या दारात गवत लावलं आणि गेली सात-आठ वर्षं तेच गवत उपटत हिंडतोय. लावलं तेव्हाही लोकांनी चहा पाजला, उपटतोय तेव्हाही पाजतात. या धंद्यात एवढं एक बरं आहे. संपादकांनी "अनुभव लिहा" म्हणून गळ घातली तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, "गवतावर काय लिहिणार? वाचणारी काय गुरं आहेत का?" तरी लिहितोय. गुरांना वाचता येत असतं तर त्यांनी माझा हा लेख डोक्यावर घेतला असता याची मला खात्री आहे.

साताऱ्याजवळ माझी लहानशी रोपवाटिका आहे. बंगल्यापुढे बागा करून द्यायच्या हा धंदा. आमच्या सातारा-सांगली भागात लॉनचं वेड आणलं ते फौजींनी, असं माझं ठाम मत आहे. जन्मभर ऑफिसरांच्या मेससमोरची हिरवळ लांबून बघितलेला माणूस पेन्शन घेऊन गावी येतो, बंगला बांधतो आणि म्हणतो, "आता आपल्या दारात लॉन पाहिजे." त्यांचं बघून मग डॉक्टर, मग मास्तर, मग साखर कारखान्याचे साहेब. मी सगळ्यांना लावून दिलं. कुणाला नको म्हणालो नाही, ही माझी चूक.

कारण लॉन म्हणजे घरजावई. रोज पाणी, आठ-दहा दिवसांनी कापणी, महिन्याला खत, वर्षातून एकदा वरून पोयट्याची माती, आणि बाराही महिने लव्हाळा उपटत बसायचं. लव्हाळ्याच्या मुळाला जमिनीत गाठी असतात. तुम्ही वरचा पाला उपटता आणि विजयी मुद्रेनं उठता, तोवर खालच्या गाठीनं दुसरा कोंब काढलेला असतो. लोक चाळिशीत लॉन लावतात, साठीत त्याला कंटाळतात आणि सत्तरीत मला फोन करतात. तोवर बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं, पोरं पुण्याला गेलेली असतात आणि गुडघे कुठेच गेलेले नसले तरी असून नसल्यासारखे असतात.

मग आम्ही लॉन काढून त्या जागी जमिनीलगत पसरणारी झाडं लावतो. ग्राउंड कव्हर म्हणतात त्याला. एकदा पसरलं की जमीन झाकून टाकतं, पाणी थोडं, कापणी जवळजवळ नाहीच. त्यात शोभेचा भुईमूग मला फार आवडतो. गुबगुबीत हिरवी पानं, वर पिवळी धमक फुलं. पण एका शेतकरी गिऱ्हाइकानं सहा महिने वाट बघून मला रस्त्यात गाठलं आणि विचारलं, "शेंगा कवा लागायच्या?" लागत नाहीत म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याला वांझ म्हैस विकली होती जणू. सांगलीच्या एका हेडमास्तरांनी तर माझं न ऐकता प्लास्टिकचं गवत अंथरलं. पहिल्याच मे महिन्यात ते इतकं तापलं की त्यांचं कुत्रं दारातून बाहेर पडेना. ते कुत्रं मला त्या घरातलं सगळ्यात समंजस वाटलं.

पण मला सांगायचं आहे ते कडेगावच्या सुभेदारसाहेबांच्या लॉनबद्दल.

चोवीस वर्षांपूर्वी ते मीच लावलं होतं. वीस फूट बाय पंधरा, बंगल्याच्या पुढ्यात. जिल्ह्याबाहेरचं माझं पहिलं काम. साहेबांनी दोरी धरून स्वतः आखणी केली होती आणि माझं काम पसंत पडल्यावर आसपासच्या गावांतल्या सहा-सात फौजींना माझं नाव सांगितलं होतं. माझा संसार उभा राहिला त्यात त्यांचा वाटा मोठा. त्या लॉनवर चप्पल घालून जायची कुणाची टाप नव्हती. वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, गल्लीतली सगळी पोरं तिथं ओळीनं उभी राहायची, साहेब झेंडा फडकवायचे आणि त्यांच्या "सावधान!" नं समोरच्या लिंबावरचे कावळे उडायचे. बाकी तीनशे त्रेसष्ट दिवस ते लॉन साहेबांचं. पहाटे उठून खुरपं घेऊन ते उकिडवे बसायचे ते ऊन चढेपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात त्यांच्या मंडळींचा, मालनवहिनींचा, फोन आला.

"भावजी, यांना मिरजेला ॲडमिट केलंय. लव्हाळा उपटताना तोल गेला आन् खुबा मोडला. नवा सांधा घातलाय."

मी हळहळलो. येतो बघायला म्हणालो.

"बघायला नंतर या. आदी कडेगावला या आन् ते गवत सगळं काढून टाका."

"आवं वहिनी, साहेबांना विचारल्याशिवाय कसं…"

"विचारलं तर व्हय म्हणतील का? डॉक्टरनं साफ सांगितलंय, हितनं फुडं उकिडवं बसायचं न्हाई. कवाच न्हाई. बसलं तर सांधा निखळंल आन् परत उभं राहतील का न्हाई ते सांगता येत न्हाई. मी वळखते की यांना. गवत दिसलं की खुरपं घेऊन बसणार. मला नवरा पायजे भावजी, लॉन नको."

मी तयार झालो. साहेब अडीच महिने मिरजेत लेकीकडेच राहणार होते, व्यायामासाठी. वहिनी अधूनमधून कडेगावला येऊन-जाऊन. तेवढ्यात काम उरकायचं आणि साहेबांना कळू द्यायचं नाही, असं ठरलं. मिरजेला त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लॉनला पाणी घालतंय ना कोण?" मी म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

लॉन काढायचं म्हणजे कुदळ घेऊन खणत सुटायचं नसतं. खणलं की मुळांचे तुकडे होतात आणि एका गवताची दहा होतात. आम्ही आधी गवत बोडकं करतो, भरपूर भिजवतो, वर जुने पुठ्ठे अंथरतो आणि त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर. सहा आठवडे उजेड बंद. बहुतेक गवत खाली कुजून मरतं. पाचट आणलं साहेबांच्या धाकट्या भावानं, तात्यांनी. गावाबाहेर वस्तीवर राहतात, तीन एकर ऊस. जीव लावणारा माणूस, पण दम धरणं ठाऊक नाही. हात आधी चालतो, डोकं नंतर.

मे संपता संपता पुठ्ठे काढले, माती मोकळी केली आणि शोभेचा भुईमूग लावला. कडेनं जांभळ्या पानांची वेल. रोपं झकास धरली. मी स्वतःवर खूश होतो. निघताना तात्यांना म्हणालो, "कुठं कुठं गवताचे कोंब वर येतील. तेवढं लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा म्हणालो, एवढंच. काय करा ते सांगितलं नाही. चाळीस वर्षं या मातीत काढलेल्या माणसानं हे करायला नको होतं.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन. "भावजी, या लवकर. झाडांनी माना टाकल्या."

जाऊन बघतो तर काय! भुईमुगाचे देठ वेडेवाकडे पिळवटलेले, पानं गोळा झालेली, पिवळी. आणि त्या मढ्यांच्या मधून गवत वर आलेलं, हिरवंगार, टवटवीत. बावीस वर्षांत ते इतकं खुशीत मी बघितलं नव्हतं. तात्या पाठीवरचा फवारणीचा पंप तिथंच टेकवून उभे.

"मारलं का काय यावर?" मी विचारलं.

"व्हय की! उसातलं तणनाशक उरलं हुतं. म्हणलं दादाच्या दारातलं गवत मारून टाकू. लय कोंब आलं हुतं गड्या."

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ऊस हे मुळात गवत आहे. उसात जे औषध मारतात त्यातलं बरंचसं रुंद पानाचं तण मारतं आणि ऊस, म्हणजे गवत, जिवंत ठेवतं. नाहीतर शेतकरी ते मारेल कशाला? तात्यांनी गवत मारायला आणलेल्या औषधानं गवताची राखण केली आणि माझी सगळी रोपं उभी मारली. दुसऱ्या कुठल्या मुलखात ही चूक झाली नसती, कारण दुसरीकडे प्रत्येक घरात हे औषध नसतं. आमच्याकडे मिठाच्या बरणीशेजारी असतं.

हे समजल्यावर तात्यांचा चेहरा बघवेना. "आवं, ऊस गवत हाय?" असं तीनदा म्हणाले. जन्मभर ऊस लावला होता त्यांनी.

आणि त्याच आठवड्यात साहेब घरी आले. आधी ठरलेल्यापेक्षा पंधरा दिवस लवकर. लेकीच्या घरी जीव रमेना म्हणून हट्ट धरून आले. गाडीतून उतरले, वॉकर धरला, फाटकातून आत आले आणि थांबले. समोर मेलेली रोपं, उघडी माती आणि मधेमधे गवताचे पुंजके.

"हे कुणी केलं?"

तात्या खाली बघायला लागले. मी म्हणालो, "मी, साहेब."

"कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या," वहिनी मागून म्हणाल्या. हातात औषधांची पिशवी होती, ती त्यांनी घट्ट धरली होती.

साहेब वहिनींकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "पंधरा ऑगस्टच्या आत हुतं तसं करून दे."

आयुष्यात मी गिऱ्हाइकाला नाही म्हणालो नव्हतो. त्या माणसाचं मीठ खाल्लं होतं. "साहेब, दुसरं काय म्हणाल ते लावतो. लॉन नाही लावणार."

"मग दुसरा माळी बघतो. जा तू."

कडेगाव ते सातारा मी गाडी चालवत आलो ते कसं आलो देव जाणे. वाईट वाटलं, स्वतःचा राग आला, आणि साहेबांचाही आला. आमच्या सौभाग्यवतीनं "काय झालं?" विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. तिनं दोन दिवस अबोला धरला, वर ते वेगळंच.

चौथ्या दिवशी मेलेली रोपं तरी उचलून न्यावीत म्हणून लवकर निघालो. सातच्या आत कडेगावात पोचलो. फाटक उघडलं.

साहेब जमिनीवर बसलेले. पाय सरळ पुढे पसरलेले, वॉकर आडवा पडलेला, हातात खुरपं. माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी धावलो. "कधीपासून बसलाय?"

"दूधवाला गेला तवापासनं. उकिडवा न्हाई बसलो, शपथ. असाच टेकलो. आता उठता येईना."

"हाक मारायची ना कुणाला तरी!"

"मारली की. हळू मारली. मोठ्यानं मारली असती तर ही बाहेर आली असती."

अर्धा-पाऊण तास तो माणूस मातीत बसून हळू आवाजात हाका मारत होता. ज्याच्या आवाजानं कावळे उडायचे तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं. मग त्यांनी मला कवायत सांगितली. "मागनं काखेत हात घाल. डावा पाय वाकू द्यायचा न्हाई. एक, दो, तीन." एका झटक्यात मी त्यांना उभं केलं. ते वॉकर धरून उभे राहिले.

"घाबरलो हुतो रं जगन्नाथ," ते म्हणाले. "गोळ्या चालत हुत्या तवा असं न्हाई वाटलं."

मग त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं.

"काढ सगळं. हिचं बरोबर हाय. पण मला एक सांग, तुझ्या त्या भुईमुगावर पोरं उभी राहणार का? झेंड्याला शंभरेक पावलं पडतात. त्याचं भरीत हुईल."

त्यांचं बरोबर होतं. मी पाण्याचा विचार केला, खुब्याचा केला, फुलांचा केला. त्या जागेवर माणसं उभी राहतात याचा विचारच केला नव्हता. बावीस वर्षं ते दृश्य बघूनसुद्धा! रोपं तात्यांनी मारली ते एका अर्थी बरं झालं, हे मी तात्यांना अजून सांगितलेलं नाही.

"एक झाड आहे साहेब," मी म्हणालो. "पायाखाली टिकतं, पाणी कमी लागतं, वाकून काही करायला लागत नाही. पण नाव सांगितलं तर तुम्ही मला वॉकरनं हाणाल."

"सांग."

"जलपिंपळी."

"ती? नदीकाठची? आरं, ती तर मी बावीस वर्षं उपटून टाकतोय! तूच सांगितलं हुतंस, दिसली की मुळासकट काढा!"

"मीच सांगितलं होतं."

साहेब असे हसले की खरंच वहिनी बाहेर आल्या. दोघांचे मातीचे कपडे बघून काय ते त्यांनी ओळखलं. साहेबांच्या पाठीवरची माती त्यांनी जरा जोरातच झटकली.

जलपिंपळी तुम्ही पाहिलेली आहे. ओलसर जागी जमिनीला चिकटून पसरते, बोटाच्या पेराएवढी पानं, वर पांढुरकी-जांभळी इवलीशी फुलं. नर्सरीत तिला कुणी विचारत नाही. मी कृष्णेच्या काठावरून तिच्या वेलांची चार पोती भरून आणली. फुकट! वरची चार बोटं औषध पडलेली माती गवतासकट काढून टाकली, नवी भरली आणि वीतवीत अंतरावर पेरं टोचली. साहेब खुर्चीवर बसून ओळी सरळ आहेत का ते बघत होते. तात्यांना फाटकाच्या आत पंप आणायला बंदी होती. वहिनींनी खबरदारी म्हणून पंपाची नळीच काढून कपाटात ठेवली होती.

पाऊस चांगला होता. सहा आठवड्यांत जमीन झाकली, अगदी गच्च नाही, पण झाकली. चौदा ऑगस्टला मी सगळी फुलं कापून टाकली, कारण त्यावर मधमाश्या येतात आणि पोरं अनवाणी उभी राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरं आली, दोन-तीन जुने फौजी आले, साहेब वॉकर सोडून काठी घेऊन उभे राहिले. "सावधान!" ऐकू आलं. आवाज पहिल्यापेक्षा बारीक होता, पण कावळे उडाले. पोरं गेल्यावर बघितलं तर जलपिंपळी पायांखाली दबली होती, मोडली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तात्यांना मिठी मारली.

साहेब काठी टेकून खाली बघत होते.

"आता याचं रोज काय करायचं?"

"काही नाही," मी अभिमानानं सांगितलं. "पाणी आठवड्यातून एकदा, तेही पाऊस नसला तर. दोन महिन्यांनी मी येऊन कापून जाईन. तुम्हाला काही करायला लागणार नाही."

"म्हंजे सकाळी मी करू काय?"

लोकांनी मला खताचं विचारलंय, किडीचं विचारलंय, शेंगांचंसुद्धा विचारलंय. हे कुणी विचारलं नव्हतं. बिनकामाची बाग, बिनकामाची बाग म्हणून मी इतकी वर्षं मिरवत होतो, आणि समोर एक माणूस बिनकामाचा उभा होता.

वहिनी जिलेबीचं ताट घेऊन आल्या होत्या. ताट माझ्यापुढे धरून, साहेबांकडे न बघता त्या म्हणाल्या, "बावीस वर्सं मी सकाळचा चा एकटी पितीया, भावजी. यांचा कप त्या कट्ट्यावर निवून जायचा, मग मी उचलून वतून द्यायची."

साहेब जिलेबीचा तुकडा हातात धरून नुसते उभे राहिले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी एका सकाळी फोन केला. जलपिंपळीचं कसं काय चाललंय ते विचारायला, आणि खरं सांगायचं तर साहेबांचं कसं चाललंय ते विचारायला.

"काय करताय साहेब?"

"बसलोय."

"पाणी घातलं का?"

"न्हाई. काल पाऊस झाला."

"फुलं आली असतील ना परत?"

"आली असतील." मागून बशीचा आवाज आला आणि वहिनींचा, कुणाचा फोन म्हणून. साहेबांनी तिकडं माझं नाव सांगितलं आणि मग मला घाईनं म्हणाले, "जगन्नाथ, मागनं कर रं फोन. चहा निवतोय."